पिंपावरील लेबल आणि आतला माल

विशेष प्रतिनिधी

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया परिसरात, २०२५ च्या ऑगस्टअखेरपासून लहान मुले एकामागोमाग एक आजारी पडू लागली. आजाराची सुरुवात साध्या सर्दी-तापाने होत असे. काही दिवसांत लघवी बंद होई आणि मूत्रपिंडे निकामी होत. अनेक मुलांना पालकांनी उपचारांसाठी नागपूरला आणले, कारण त्या भागातील लोकांना मोठे रुग्णालय म्हणजे नागपूरच. त्यांतील काहींनी नागपुरातच प्राण सोडले. मृतांचा आकडा पुढे वीसच्या वर गेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने कांचीपुरम जिल्ह्यातील एका कारखान्यात तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाचा अहवाल दिला. ‘एसआर-१३’ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले होते. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का.

म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ पाचशेपट. नकळत झालेल्या किरकोळ मिसळीतून एवढे प्रमाण येत नाही. औषधात जे द्रावक घालायचे होते त्याच्या जागी दुसरेच रसायन ओतले गेले, असाच याचा अर्थ होतो. ते रसायन कारखान्याच्या दारातून आत आले, गोदामात राहिले, त्याचे वजन झाले, ते टाकीत गेले आणि बाटलीत भरले गेले. या संपूर्ण प्रवासात त्याची ओळख पटवण्याची तसदी कोणीही घेतली नाही.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली, कंपनीच्या मालकाला चेन्नईतून ताब्यात घेण्यात आले, परवाना रद्द झाला, राज्याराज्यांत बंदी आली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही या बॅचचा वापर तत्काळ थांबवण्याचे आवाहन केले. वृत्तवाहिन्यांवर डॉक्टर दोषी की कंपनी दोषी, यावर चर्चा रंगल्या. मात्र या दुर्घटनेचे मूळ औषधशास्त्रापेक्षा कारखान्याच्या खरेदी विभागात अधिक आहे, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. कच्चा माल कोणाकडून घेतला, त्याच्याकडे तो कोठून आला आणि घेणाऱ्याने तो तपासला का, हे तीन प्रश्न खरे तर सर्वप्रथम विचारायला हवे होते.

तमिळनाडूच्या अधिकाऱ्यांनी केलेल्या तपासणीत या कारखान्यात साडेतीनशेहून अधिक त्रुटी आढळल्या. त्यांतील एक बाब या लेखाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची आहे. प्रॉपिलिन ग्लायकॉल हे द्रावक औषधी दर्जाचे नव्हते आणि ते चेन्नईतील व्यापाऱ्याकडून घेतले गेले होते, असे तपासात समोर आले. प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार मार्च २०२५ मध्ये घेतलेला हा माल होता अवघा ५० किलो. त्यातून मे महिन्यात जी बॅच तयार झाली, तिने एवढे बळी घेतले.

पन्नास किलोंचा प्रश्न

हा पन्नासचा आकडा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. प्रॉपिलिन ग्लायकॉल हे द्रावक कारखान्यातून टँकरने वा साधारण २१५ किलोंच्या पिंपांतून बाहेर पडते. याच द्रावकाचा औद्योगिक दर्जाचा माल रेझिन, रंग, शीतलक द्रव अशा अनेक उद्योगांत लागतो. औषधी दर्जाचा माल वेगळा शुद्ध केलेला असतो आणि त्याचा भावही अधिक असतो. मोठी औषध कंपनी उत्पादकाशी थेट करार करते, सील न तोडलेली पिंपे घेते, उत्पादकाच्या कारखान्यात आपला माणूस पाठवून पाहणी करते. महिन्याकाठी एखादेच पिंप वा त्याहून कमी माल लागणाऱ्या छोट्या कारखानदाराला उत्पादक दारात उभा करत नाही. तो जातो रसायनांच्या बाजारातील व्यापाऱ्याकडे. व्यापारी पिंप फोडून माल लहान कॅनमध्ये भरतो आणि वर लेबल लावतो. त्याच्या गोदामात शेजारीच डायएथिलीन ग्लायकॉलची पिंपेही असू शकतात, कारण तेही एक अगदी कायदेशीर औद्योगिक रसायन आहे. दोन्ही द्रव रंगहीन, किंचित दाट, चवीला गोडसर आणि जवळपास गंधहीन. नुसत्या डोळ्यांनी कोणालाही फरक कळणार नाही. डायएथिलीन ग्लायकॉल स्वस्त पडते. बाकी सारे ओघाने येते.

ते कधी चुकून येते, कधी मुद्दाम. न्यायालयात या दोहोंत मोठा फरक पडेल. घेणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने तो पडता कामा नये. कारण माल बदललेला आहे हे ओळखण्याचे काम दोन्ही वेळा त्याचेच असते.

आणि ते काम अवघड नाही, हीच या प्रकरणातील सर्वात विषण्ण करणारी बाब आहे. प्रॉपिलिन ग्लायकॉलची घनता साधारण १.०४ आणि डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२ आहे. म्हणजे सगळा मालच बदलला असेल, तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साध्या उपकरणानेही शंका यावी. थोडी मिसळ शोधण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, ते यंत्र काही लाखांचे असते, हे मान्य. परंतु अशा चाचण्या मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेतून करून घेण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. शिवाय पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीसारखी स्वस्त पद्धतही उपलब्ध आहे. चाचणीचा खर्च बॅचच्या किमतीच्या मानाने किरकोळच असतो. मग ती का होत नाही?

प्रमाणपत्र नावाचा दिलासा

खरेदी विभागात काम केलेल्या कोणालाही विचारा. मालाबरोबर एक कागद येतो. त्याला ‘सीओए’ म्हणतात, म्हणजे विश्लेषणाचे प्रमाणपत्र. शुद्धता अमुक टक्के, पाण्याचे प्रमाण तमुक, खाली सही आणि शिक्का. हा कागद फाइलला लागला की काम झाले, अशी समजूत अनेक ठिकाणी रूढ आहे. औषध निरीक्षक आला तर दाखवायला तो उपयोगी पडतो. पण हा कागद कोणी लिहिला, कशाच्या आधारे लिहिला आणि त्यातील बॅच क्रमांक समोरच्या पिंपाचाच आहे का, हे पाहिले जात नाही.

हा कागद किती धोकादायक ठरू शकतो, याचे पाठ्यपुस्तकात शोभेल असे उदाहरण पनामाचे आहे. २००६ मध्ये त्या देशात सरकारी प्रयोगशाळेने तयार केलेल्या खोकल्याच्या औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली. औषधात ग्लिसरिन म्हणून जे घातले गेले, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. शोध घेता घेता धागा पोहोचला चीनमधील ताईशिंग येथील एका कारखान्यापर्यंत, ज्याला औषधी घटक बनवण्याची मान्यताच नव्हती. तेथून ४६ पिंपे बीजिंगच्या व्यापारी कंपनीकडे, तेथून बार्सिलोनाला आणि तेथून पनामाला गेली. प्रमाणपत्रावर शुद्धता ९९.५ टक्के. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००७ मध्ये हा सारा माग प्रसिद्ध केला. वाटेत प्रमाणपत्र नव्याने टाइप होत गेले आणि आधीच्या मालकाचे नाव पुसले गेले, असे त्यात दिसले. तीन खंड ओलांडून गेलेला माल एकाही टप्प्यावर कोणी तपासला नाही. त्याआधी दहा वर्षे, १९९५-९६ मध्ये, हैतीत ऐंशीहून अधिक मुले याच प्रकारे दगावली होती. तेथेही ग्लिसरिन चीनमधून निघून युरोपातील दलालांच्या हातून गेले होते आणि कागदावर सारे ठाकठीक होते.

दलालांची साखळी लांबली की प्रत्येकजण आपल्या आधीच्यावर विसंबतो आणि पहिला कडीचा माणूस कोणालाच माहीत नसतो. मालाची किंमत प्रत्येक टप्प्यावर वाढते. मालाविषयीची माहिती मात्र प्रत्येक टप्प्यावर कमी होते.

या प्रकरणानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये ग्लिसरिनची डायएथिलीन ग्लायकॉलसाठी तपासणी करण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या देशाला हा धडा फार जुना आहे. १९३७ मध्ये ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ या औषधात द्रावक म्हणून हेच रसायन वापरले गेले आणि शंभराहून अधिक लोक मरण पावले. त्यातूनच तेथे १९३८ चा औषध कायदा आला.

मुंबईने हे पाहिले आहे

आपल्याला हा धडा नवा आहे असे म्हणायची सोय नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरॉल देण्यात आले होते, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. औद्योगिक दर्जाचा माल रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला होता. चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने रुग्णालयाची खरेदीपद्धती, पुरवठादाराची निवड, अन्न व औषध प्रशासनाची देखरेख आणि त्यातील राजकीय हस्तक्षेप या सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. १९८८ मध्ये अहवाल जाहीर झाला तेव्हा राज्यात मोठी खळबळ उडाली होती. आजही औषधांच्या दर्जाविषयी बोलताना जाणकार लेंटिन अहवालाचा हवाला देतात. आणि मग? ये रे माझ्या मागल्या.

त्यापूर्वी १९७३ मध्ये मद्रासला मुले दगावली होती. त्यानंतर १९९८ मध्ये दिल्लीच्या एका रुग्णालयात गुरगाव परिसरातून आलेली ३६ मुले दाखल झाली, त्यांतील ३३ वाचू शकली नाहीत. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या प्रारंभी जम्मूतील रामनगर. २०२२ मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तान, जेथे भारतात तयार झालेल्या औषधांवर बोट ठेवले गेले. गांबियाबाबत जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये इशारा दिला. भारत सरकारने मात्र आपल्या प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांत दोष आढळला नाही, अशी भूमिका घेतली. उझबेकिस्तानात हे प्रकरण न्यायालयात गेले. ६८ मुलांच्या मृत्यूंच्या खटल्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये २३ जणांना शिक्षा झाली, त्यांत एक भारतीय नागरिकही आहे. या औषधासाठी वापरलेले द्रावक औषधी माल विकण्याचा परवाना नसलेल्या व्यापाऱ्याकडून घेतलेले औद्योगिक दर्जाचे होते, असे वृत्त ‘रॉयटर्स’ने २०२३ मध्ये दिले होते. त्याच काळात इंडोनेशियात दोनशेहून अधिक मुले दगावली. तेथे नामांकित परदेशी उत्पादकाचे लेबल लावलेल्या पिंपांत भलतेच रसायन निघाले. औषध कंपनीने माल स्वतः तपासला नव्हता आणि तिच्या अधिकाऱ्यांना त्यासाठी तुरुंगवास झाला.

नोव्हेंबर-डिसेंबर वा मार्च-एप्रिल, मद्रास वा जकार्ता. प्रसंग बदलतात, घटनाक्रम तोच राहतो. व्यापाऱ्याकडून घेतलेला माल, विश्वासावर स्वीकारलेले प्रमाणपत्र आणि न केलेली चाचणी.

चाकणला जे जमते ते

येथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. पुण्याजवळच्या चाकण, तळेगाव वा संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत एखाद्या छोट्या कारखानदाराला मोटार कंपनीला साधा कंस किंवा वॉशर पुरवायचा असेल, तर त्याला काय करावे लागते? आधी कंपनीची माणसे येऊन त्याचा कारखाना पाहतात. मग ‘पीपीएपी’ नावाचे भलेमोठे बाड सादर करावे लागते. त्यात नमुन्यांची मोजमापे, पोलादाचे प्रमाणपत्र, प्रक्रियेची क्षमता असे सारे असते. पोलादाचा हीट क्रमांक नोंदलेला असतो, म्हणजे दोन वर्षांनी वॉशर तुटला तरी तो कोणत्या भट्टीतील पोलादाचा होता हे शोधता येते. त्याने पुरवठादार परस्पर बदलला तर ते कळवून पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. दर महिन्याला दहा लाखांत किती भाग सदोष निघाले, याचे गुण मिळतात. सदोष मालामुळे लाइन थांबली तर डेबिट नोट येते आणि ती छोट्या कारखानदाराला चांगलीच झोंबते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीतही कागदी घोडे नाचतात, आणि पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंत, म्हणजे उष्णताप्रक्रिया किंवा प्लेटिंग करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्यापर्यंत, कंपनीची नजर क्वचितच पोहोचते. तरीही बाळाच्या औषधातील द्रावकापेक्षा मोटारीतील वॉशरचा माग अधिक नेटका राहतो, ही वस्तुस्थिती आहे.

याचे कारण मोटार उद्योगातील माणसे अधिक सज्जन आहेत, असे नव्हे. तेथे सदोष मालाची झळ खरेदीदाराला त्याच दिवशी बसते. भाग बसला नाही की लाइन थांबते, आणि लाइन थांबण्याचा दर मिनिटाचा हिशेब असतो. औषधाच्या टाकीत चुकीचे द्रावक पडले तर टाकी थांबत नाही. औषध व्यवस्थित तयार होते, गोड लागते, बाटलीत भरले जाते आणि त्याचे पैसेही येतात. झळ बसते ती शेकडो किलोमीटर दूर, ज्याला खरेदीतील ओ की ठो कळत नाही अशा मुलाला. ज्याने तपासणीचा खर्च करायचा आणि ज्याचा जीव त्यावर अवलंबून आहे, ते दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत. ही दरी भरण्याचे काम बाजार करत नाही. ते औषध निरीक्षकाचे, म्हणजेच सरकारचे काम आहे.

गुणवत्ताशास्त्राचे आद्य प्रवर्तक डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या प्रसिद्ध चौदा मुद्द्यांत केवळ किमतीच्या चिठ्ठीकडे पाहून खरेदी करू नये, असा एक मुद्दा आहे. आपल्याकडे सरकारी खरेदीत मात्र ‘एल वन’ हाच मंत्र. सर्वात कमी दराची निविदा स्वीकारली की अधिकारी सुरक्षित. अधिक दराची स्वीकारली की लेखापरीक्षणाचा ससेमिरा. त्याचे फळ नागपूरने पाहिले आहे. जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून अन्न व औषध प्रशासनाने घेतलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे आढळले. लेबलवर नाव असलेली कंपनी अस्तित्वातच नव्हती. पोलिसांनी सप्टेंबर २०२४ मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रानुसार त्या गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या. निविदेच्या कागदपत्रांत पुरवठादार होता, त्याच्यामागे आणखी एक पुरवठादार होता, आणि अखेरीस कोणीच नव्हते.

परंतु सर्व खापर स्वस्त निविदेवर फोडणेही बरोबर नाही. ‘कोल्ड्रिफ’ हे काही सरकारी निविदेतील औषध नव्हते. ते डॉक्टर लिहून देत होते आणि दुकानात विकले जात होते. औषधी दर्जाचे द्रावक घेतले असते तर एका बाटलीमागे जो फरक पडला असता, तो नफ्यात सहज सामावला असता. तेव्हा परवडत नाही म्हणून तपासत नाही, हे समर्थन येथे लागू पडत नाही. तपासले नाही तरी काही होत नाही, हा अनुभव त्यामागे अधिक असावा. या कारखान्याला परवाना २०११ मध्ये मिळाला होता. साडेतीनशे त्रुटी एका रात्रीत निर्माण होत नाहीत.

नियम आहेत

कायद्यात कमतरता आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा १९४० चा. भेसळयुक्त औषधाने मृत्यू झाल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा त्यात आहे. कच्च्या मालाची तपासणी उत्पादकाने करावी, हे परिशिष्ट ‘एम’मध्ये पूर्वीपासून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ते सुधारून पुरवठादाराची निवड, त्याची पाहणी आणि मान्यता यांविषयी अधिक काटेकोर अपेक्षा घालण्यात आल्या. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ते आधी लागू झाले. लघू व मध्यम उद्योगांना मात्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत वाढवून देण्यात आली. छिंदवाड्याची मुले या मुदतवाढीच्या काळातच गेली. अर्थात, जुन्या नियमांतही न तपासलेला माल वापरण्याची परवानगी नव्हती, हे विसरता येणार नाही.

गांबियानंतर केंद्राने १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारी वा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली. निर्णय योग्यच होता. पण देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला तशीच सक्ती त्यावेळी करण्यात आली नाही. परदेशी बाळासाठी एक चाळणी आणि परासियाच्या बाळासाठी दुसरी, असा त्याचा अर्थ निघतो, आणि तो कोणत्याही अधिकाऱ्याला खोडून काढता येणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये औषध महानियंत्रकांनी सर्व राज्यांना पत्र पाठवून प्रत्येक बॅचच्या कच्च्या मालाची व तयार औषधाची तपासणी होते की नाही, हे पाहण्यास सांगितले. जे कायद्यात आधीपासून आहे तेच पुन्हा पत्राने सांगावे लागते, यातच सारे आले. त्याच महिन्यात ग्लिसरिन, प्रॉपिलिन ग्लायकॉल यांसारख्या जोखमीच्या द्रावकांच्या बॅचची नोंद केंद्राच्या ऑनलाइन परवाना प्रणालीवर करण्याची योजनाही पुढे आली. उत्पादकाने किती माल कोणाला विकला याची नोंद तेथे राहील, अशी कल्पना आहे.

कल्पना चांगली आहे. मात्र तिच्यात एक खिंडार राहते. या प्रणालीत नोंद करतील ते औषधी दर्जाचे द्रावक बनवणारे परवानाधारक. रंग आणि रेझिनसाठी रसायने विकणारा बाजारातील व्यापारी औषध निरीक्षकाच्या कक्षेत येतच नाही. त्याच्याकडून रोखीने घेतलेला, बिल नसलेला ५० किलोंचा कॅन कोणत्याही संगणकावर उमटणार नाही. तो सापडेल केवळ एकाच ठिकाणी, औषध कारखान्याच्या गोदामाच्या दारात, आणि तोही तेथे उभ्या असलेल्या माणसाने झाकण उघडून नमुना घेतला तरच. त्या दारात प्रत्येक पिंपाचा नमुना घेतला जातो का, हे पाहायला राज्यांकडे किती निरीक्षक आहेत आणि ते वर्षातून किती वेळा जातात, हा प्रश्न आता राज्य सरकारांना विचारायला हवा. महाराष्ट्रालाही.